बैल बसला तिथलं गाव

"सुई पानाला टोच रं, बोटाला न्हाई," रुस्तुम देदे म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

माझ्या डाव्या अंगठ्यातून रक्त आलं होतं. पुढ्यात तंबाखूच्या हिरव्या पानांचा ढीग, एकेक पान जेमतेम तळहाताएवढं. ते देठाजवळ टोचून हातभर लांबीच्या चपट्या सुईवर ओवायचं, सुई भरली की पानं दोरीवर सरकवायची, आणि भरलेली दोरी उन्हात टांगायची. माझी एक दोरी होईपर्यंत देदेंची सून नेफिसे चार दोऱ्या ओवून मोकळी व्हायची आणि वर डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरून हसायची.

मला राग यायचा तो माझाच. मी निपाणीकडचा. आमच्या घराच्या तीन पिढ्या तंबाखूत गेल्या. पण आमच्याकडचं पान म्हणजे केळीच्या भावकीतलं, हे असलं नाजूक काम आमच्या हातांना माहीत नव्हतं. सुईदोरा घेऊन तंबाखू शिवत बसलेला मुलगा पाहिला असता तर आमच्या अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

ही गोष्ट १९८५ च्या ऑगस्टमधली. मी बावीस वर्षांचा होतो. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून शेतकी शिकायला बल्गेरियात गेलो होतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी मला दक्षिणेकडच्या रोडोपी डोंगरात पाठवलं होतं. पाच खेड्यांत राहायचं, तंबाखूचे नमुने गोळा करायचे आणि प्रत्येक गावाचा अहवाल लिहायचा. त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात लहान खेडं हे. घरं अकरा. शाळा नाही, दुकान नाही, रस्ता डोंगराच्या खांद्यावर येऊन संपलेला. सहकारी संस्थेच्या जीपने मला फाट्यावर उतरवलं. तिथे पत्र्याच्या पाटीवर गावाचं नाव होतं, यांकोवित्सा.

गावातली सगळी माणसं तुर्की बोलणारी, मुसलमान. देदे म्हणजे त्यांच्यात आजोबा. मला उतरायला त्यांचंच घर मिळालं. त्यांचं बल्गेरियन मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण तीन आठवड्यांत आमचं असं काही जमलं की आज ते मला आठवतात ते आमच्या निपाणीच्या बोलीत बोलतानाच. तसेच लिहितो.

माझं नाव बाबगोंडा, घरी सगळे बाबा म्हणतात. पहिल्या दिवशी नेफिसेने अंगणातून "बाबा!" अशी हाक मारली आणि मी आणि देदे दोघांनीही ओ दिली. ती सासऱ्यांना बाबाच म्हणायची. देदे इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"आता तूच माझा बा झालास म्हन की," ते म्हणाले. "मग बस हितं, आन् पोराला काम शिकीव."

तिला मी नेफिसे अब्ला म्हणू लागलो. अब्ला म्हणजे आपल्याकडची अक्का. तीस-बत्तीस वर्षांची, सडपातळ, जिभेला धार असलेली बाई. नवरा लांब खाणीत कामाला, मुलगी शाळेच्या वसतिगृहात. घरात ही दोघंच. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिने माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या पानात न चुकता दही, भाजलेल्या मिरच्या आणि गरम भाकरीएवढा जाड पाव यायला लागला.

आम्ही पहाटे दव असताना पानं खुडायचो आणि दुपारभर ओवायचो. ओवताना शब्दांचा खेळ चालायचा. मी म्हणायचो, साबण. देदे म्हणायचे, आमचं बी साबुन. मी म्हणायचो, कागद, कलम, दुकान, हवा. ते मांडीवर थाप मारायचे. "आरं, एवढ्या लांब दिलं तरी कुनी तुमास्नी?" पण हा खेळ दार लावूनच चालायचा. अंगणात कुणी आलं की देदे गप्प व्हायचे आणि मग बल्गेरियनमध्ये हवापाण्याचं काहीतरी बोलायचे. तुर्की बोलताना सापडलं तर दंड होता.

अहवालाच्या छापील कागदावर पहिलाच रकाना होता: गावाचे नाव व नावाचा उगम. चौथ्या दिवशी मी तो अंगणातच विचारला.

"यांकोवित्सा," देदे म्हणाले. "फाट्यावर लिवलंय न्हवं?"

"पण का? यांको कोण?"

"आमाला काय ठावं. पाटी लावनाऱ्याला इचार."

नेफिसेने सुईवरून मान वर केली नाही. मी तो रकाना कोरा सोडला.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी वारा सुटला म्हणून आम्ही पानं वाळवणाच्या छपरात नेली. वर आढ्याला आधीच्या दोऱ्या टांगलेल्या, अर्धवट पिवळ्या झालेल्या. देदेंनी दाराला आतून कडी घातली.

"तुझ्या गावाचं नाव कुनी बदललंय का रं?" त्यांनी एकदम विचारलं.

"नाही."

"तुझं?"

"नाही, देदे."

"माझं नाव रुस्तुम. माझ्या बाचं नाव हसन, त्येच्या बाचं नाव रुस्तुम. गेल्या हिवाळ्यात बर्फ पडल्याला, तवा शिपाई आलं. कुत्री बी भुकली न्हाईत, येवढं आलं. चौकात मेज मांडलं आन् त्येच्यावर नावांची यादी. ह्यातलं एक निवडा म्हनालं. म्या म्हनलं, हाक मारनार तुमी, मग निवडा बी तुमीच. तवा त्यांनी रादोस्लाव लिवलं. हिचं नेवेना केलं."

"बाबा," नेफिसे हळू आवाजात म्हणाली, "परक्याला कशाला सांगायचं ह्ये?"

"परका हाय म्हनूनच. आपल्यातलं ज्येला त्येला ठावं हाय, आन् कुनीच तोंड उघडत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावाचं नाव त्येच्या आदीच बदललं. माझ्या लगनाच्या वर्साला. पन आमी पाटीकडं बघतच न्हवतो. तोंडानं आपलं जुनंच म्हनायचो. आता तोंडालाच कुलूप घातलंय."

"जुनं काय होतं?"

त्यांनी सुई खाली ठेवली.

"साब्रियेलेर. म्हंजे साब्रियेची मानसं."

मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली. त्यांच्या पणजोबांच्या वेळी मोठी लढाई झाली. डोंगराच्या उत्तरेकडची सगळी गावं गाड्या जुंपून दक्षिणेकडे पळत सुटली. ह्यांच्या गावच्या गाड्या चौदा की सोळा होत्या, देदेंनी आकडा नक्की सांगितला होता, माझ्याच डोक्यातून तो निसटला. हिवाळा होता, मागे गोळीबार ऐकू येत होता. ह्या खांद्यावर चढ संपला आणि एका गाडीचा बैल खाली बसला. गाडी साब्रिये नावाच्या विधवेची, तीन पोरं गाडीत. लोकांनी बैलाला मारलं, शेपूट पिरगाळली, नाकाशी धूर केला. बैल काही उठेना. सगळे म्हणाले, सोड त्याला, पोरं आमच्या गाड्यांत घाल. ती म्हणाली, नवरा गेला, घर गेलं, आता एवढा एक बैल राहिलाय, तो उठेल तेव्हा मी उठेन. आणि बर्फात त्याला टेकून बसली.

"आता करतुस काय!" देदे म्हणाले. "अर्ध्या गाड्या शिव्या घालत फुडं गेल्या. अर्धी भावकी, तिला सोडून जायाला जीव हुईना. ऱ्हायली. तिसऱ्या दिशी बैल आपला आपन उठला, आन् खुशाल चरायला लागला. काय झाल्यालंच न्हाई जनू."

"आणि पुढे गेलेल्या गाड्या?"

"खिंडीत गाठल्या त्यांना. एक मानूस वाचलं न्हाई." त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "मागं ऱ्हायल्याली ती आमी. एका बैलाच्या आळसावर जगल्याली मानसं हाओत आमी, ओलुम. म्हनून गावाला तिचं नाव."

ओलुम म्हणजे बाळा. साब्रिये हे नाव ज्या सब्र शब्दावरून आलं, त्याची आपल्याकडे सबुरी झाली, हे मी त्यांना सांगितलं. ह्या वेळी त्यांनी मांडीवर थाप मारली नाही, नुसतं "बग" म्हणाले.

"म्या म्हातारा झालोय," ते पुढे म्हणाले. "पोरगं खानीत. नातीला शाळंत दुसरंच शिकिवत्यात, आन् तिला खरं सांगायचं ह्या नेफिसेला भ्या वाटतं. पोर हाय, कुटंतरी बोलून जाईल. म्हंजे म्या गेलो की साब्रिये गेली. तू एक कर. तुमची ती अक्षरं हाईत न्हवं, वर फळी मारल्याली? त्यात लिवून घे. तुझ्या मुलकात न्हे, तुझ्या मानसांस्नी वाचून दाखीव. आमच्यात कुनी ऱ्हायलं न्हाई तरी कुठंतरी आसंल. पन हितं न्हाई. हितल्या अक्षरांत एक अक्षर न्हाई. समाजलं?"

"समजलं."

"शपत घे."

मी त्यांच्या काळ्या, चिकट हातावर हात ठेवला. नेफिसे उठून दाराच्या फटीतून बाहेर बघत उभी राहिली होती. तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आजवर कितीदा म्हटलं असेल.

त्याच दुपारी मी माझ्या वहीत दोन पानं मराठीत लिहिली. देदेंना ती दाखवली. त्यांनी अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात साब्रिये कुटं हाय?" मी दाखवलं. त्यांनी ती जागा नीट बघून ठेवली.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

महिना संपता संपता पाचही गावांचे नमुने बांधायचे होते. वाळल्या पानांची जुडी कापडात गुंडाळायची, बाहेरून छापील चिठ्ठी लावायची, तिच्यावर गावाचं सरकारी नाव आणि क्रमांक. रुस्तुम देदेंचं पान पाचांत उजवं होतं, मधाच्या रंगाचं, आणि वास असा की माणसाने जुडीवर नाक ठेवून डोळे मिटावेत. आमच्या अण्णांचं एक वाक्य होतं: तंबाखू कुणाची ते विचारू नये, कुठली ते विचारावं. आमच्याकडे तंबाखूचं बोद, म्हणजे मोठं पोतं, भरताना बाहेर काहीही लिहिलेलं असो, अण्णा बोदाच्या पोटात गावाच्या नावाची एक चिठ्ठी घालायचे. व्यापारी बाहेरची खूण फाडतात, माल दुसऱ्याच्या नावावर खपवतात, म्हणून ही रीत. लहानपणापासून त्या चिठ्ठ्या मीच लिहायचो. चिठ्ठीशिवाय बांधलेली तंबाखू म्हणजे आमच्या घरी चोरीचा माल.

देदेंची जुडी बांधायला घेतली आणि माझा हात थांबला. एवढं पान यांकोवित्साच्या नावावर जाणार, ज्या यांकोला कुणी ओळखत नाही. मी वहीचा कोपरा फाडला आणि लिहिलं, साब्रियेलेर. मराठीत लिहून तिकडे वाचणार कोण, म्हणून त्यांच्या अक्षरांत लिहिलं. घडी करून पानांच्या पोटात सारली आणि कापड शिवून टाकलं. प्रयोगशाळेत जुडी फोडतील, वास घेतील, आणि हे कुठलं म्हणून बघतील तर खरं नाव सापडेल, एवढीच माझी अक्कल. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. देदेंना सांगितलं नाही. बक्षीस-बिक्षीस मिळालं म्हणजे सांगू, असं ठरवलं.

निघताना नेफिसेने लोकरीचे मोजे दिले. देदे फाट्यापर्यंत चालत आले. पाटीकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "जा आता. सावकाश जा."

सोळाव्या दिवशी मला बोलावणं आलं, वही घेऊन या म्हणून. शहरातल्या एका कचेरीत दुसऱ्या मजल्यावरची खोली. आत एक माणूस होता, चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, आवाज शिक्षकासारखा मऊ. त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही. माझ्यासाठी कॉफी मागवली. आईची तब्येत कशी आहे विचारलं. आईला दम्याचा त्रास आहे हे मी तिथे एका मित्राखेरीज कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मग त्याने टेबलावर माझी चिठ्ठी ठेवली. घडी उलगडून, हाताने सपाट केलेली.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"छान आहे. आमच्या मुलांचंही इतकं वळणदार नसतं. हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला?"

"आठवत नाही."

"अशा नावाचं गाव आमच्या देशात नाही. कधी नव्हतं. म्हणजे कुणीतरी तुम्हाला खोटी माहिती दिली. तुम्ही पाहुणे आहात, तुमचा दोष नाही. मला फक्त ते कुणी केलं एवढं समजलं की पुरे."

त्याने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली.

"तुम्ही त्या डोंगरात पाच गावं फिरलात. राहिलात कुठे ते मी तुमच्या कागदपत्रांत पाहू शकतो. पण राहिलात एका घरी म्हणून सांगणारा तिथलाच असेल असं नाही. मी न्यायाने वागू इच्छितो." त्याने खुर्ची जरा पुढे घेतली. "यांकोवित्सात अकरा घरं आहेत. तुम्ही नाव सांगितलंत तर आम्हाला एका घरी जावं लागेल. नाही सांगितलंत तर अकराही घरी. आणि तुमच्या शिष्यवृत्तीचंही मग बघावं लागेल. विचार करा. कॉफी घ्या, थंड होतेय."

बाहेर आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. रस्त्यावर कलिंगडाची गाडी उभी होती आणि लोक रांगेत हसतबोलत उभे होते. माझी वही त्या खोलीतच राहिली होती. ती दोन पानंही तिच्यातच होती.

ऑक्टोबरमध्ये अहवाल परत आला. वर पेन्सिलने शेरा: एका गावाचा पहिला रकाना कोरा आहे, पूर्ण करावा. आणि दोन दिवसांनी तोच मऊ आवाजाचा माणूस जीप घेऊन वसतिगृहाखाली उभा.

"चला," तो म्हणाला. "काम अर्धं ठेवू नये. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं बरं."

वाटेत तो मला भारतातल्या हवेबद्दल विचारत राहिला. आज, हे लिहितो आहे तेव्हा, त्या गावात कुणी राहत नाही. चार वर्षांनी सीमा उघडली तेव्हा अकराच्या अकरा घरं तुर्कस्तानात निघून गेली, असं मी पुढे कुणाकडून तरी ऐकलं. कुठल्या शहरात, ते मला कधी शोधता आलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही.

फाट्यापासून वर जाताना एकही माणूस दिसला नाही. तंबाखूच्या दोऱ्या उतरवून झाल्या होत्या, रिकामे बांबू उभे होते. तो मऊ आवाजाचा माणूस जीपचं दार लावत होता, मी पुढे होऊन उंबऱ्याशी गेलो. नेफिसेने दार उघडलं. ती एकदम वयस्कर दिसत होती. माझ्या पायांकडे बघत ती पुटपुटली, ओठ न हलवता.

"अकरा घरं हाईत हितं. बाबांस्नी न्यायला आल्याली गाडी दुसऱ्या कुटल्या दाराशी थांबली बी न्हाई. सरळ आमच्याच दारात आली. घर कुनी दाखिवलं रं?"

मी दाखवलं होतं. वरून तिसरं घर, पुढे अक्रोडाचं झाड, रुस्तुम. असं मी त्या खोलीत तीन वाक्यांत सांगितलं होतं आणि मग कॉफी प्यायली होती. अकरा घरं वाचवण्यासाठी एक सांगितलं, असं मी पुढे चाळीस वर्षं स्वतःला समजावत आलो. पण तेव्हा माझ्या मनात अकरा घरं नव्हती. परतीचं तिकीट होतं, आणि आईला काय सांगायचं ते होतं.

"अब्ला..." मी म्हणालो.

"आत या, बसा," ती मोठ्याने, स्वच्छ बल्गेरियनमध्ये म्हणाली. तो माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

देदे खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, ते नेहमी जमिनीवर मांडी घालून बसायचे. मिशी काढलेली. हात गुडघ्यांवर ठेवलेले, इतके स्वच्छ की ते त्यांचे वाटेनात. इतक्या वर्षांचा तंबाखूचा डाग कुणी कशाने घासून काढला होता कोण जाणे. त्यांना तीन आठवडे कुठेतरी नेऊन ठेवलं होतं, एवढंच मला जीपमध्ये सांगण्यात आलं होतं. तेही, त्यांच्या तब्येतीसाठी, असं.

"देदे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आजोबा," तो माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, "ह्या विद्यार्थ्याला गावाच्या नावाची माहिती हवी आहे. सांगाल ना?"

देदे उठून उभे राहिले. सत्तर वर्षांचा माणूस, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून. मग ते बोलायला लागले. शब्द न् शब्द शुद्ध, पुस्तकातला, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला.

"माझे नाव रादोस्लाव आहे. आमच्या गावाचे नाव यांकोवित्सा आहे. फार पूर्वी येथे यांको नावाचा एक शूर मेंढपाळ राहत होता. त्याने परकीय शत्रूंपासून... त्याने परकीय..."

ते थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कपाळावर घाम आला. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, आणि मी तशी नजर त्याआधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मला ओरडावंसं वाटलं की पुरे, बसा खाली. मी ओरडलो नाही.

"माझे नाव रादोस्लाव आहे," त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आमच्या गावाचे नाव यांकोवित्सा आहे. फार पूर्वी येथे यांको नावाचा एक शूर मेंढपाळ राहत होता. त्याने परकीय..."

"...शत्रूंपासून आपल्या कळपाचे रक्षण केले," मागून नेफिसे म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "म्हणून गावकऱ्यांनी..."

"म्हणून गावकऱ्यांनी कृतज्ञतेने गावाला त्याचे नाव दिले," देदेंनी पुरं केलं. "दुसरे कोणतेही नाव या गावाला कधी नव्हते."

"लिहून घ्या," तो माणूस मला म्हणाला.

मी मांडीवर कागद घेतला आणि पहिल्या रकान्यात लिहायला लागलो. यांको, शूर, मेंढपाळ. खोलीत माझ्या पेनाचाच आवाज येत होता. देदे उभेच होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी पूर्णविराम दिला तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"सगळं लिहिलंत का?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणून.

"हो," मी म्हणालो.

"मग मी बसू का?"

ते त्यांनी मला विचारलं होतं, त्या माणसाला नाही. मी मान हलवली. ते खाली बसले.